मक्याच्या देशातला वर्धेकर

मायदेशाच्या स्वातंत्र्यासाठी बंदूक हाती घेतलेल्या डॉ. पांडुरंग खानखोजे यांनी आयुष्यातील उमेदीची वर्षे मेक्सिकोच्या अल्पभूधारक शेतकऱ्यांना वाहिली. मेक्सिकोने त्यांना भित्तिचित्रात आणि विद्यापीठाच्या आवारात स्थान दिले. त्यांच्या विदर्भाने मात्र त्यांच्या अनुभवाचा पुरेसा लाभ घेतला नाही.

मेक्सिको शहरात शिक्षण मंत्रालयासाठी उभारलेल्या इमारतीच्या भिंती दिएगो रिव्हेरा या जगद्विख्यात चित्रकाराने १९२३ ते १९२८ या काळात रंगविल्या. शेतकरी, खाणकामगार, सैनिक, सणवार असा अवघा मेक्सिको त्या भिंतींवर आहे. त्यांतील १९२८च्या एका चित्रात एका मेजाभोवती निरनिराळ्या वर्णांची, वयांची माणसे जमली आहेत. यजमानाच्या जागी बसलेला पुरुष सर्वांसाठी रोटी मोडतो आहे. आपली रोजची रोटी हा त्या चित्राचा विषय. रोटी मोडणाऱ्या त्या पुरुषाच्या चेहऱ्यासाठी रिव्हेराने निवडलेला माणूस मेक्सिकन नव्हता. तो वर्ध्याचा होता. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे त्याचे नाव.

गदर चळवळीचे एक संस्थापक म्हणून खानखोजे यांचे नाव स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात घेतले जाते. परंतु त्यांच्या आयुष्याचा दीर्घ आणि फलदायी काळ रणांगणावर गेला नाही, तो मक्याच्या शेतात गेला. इंग्रजांशी लढण्याचे शिक्षण घेण्यासाठी घराबाहेर पडलेला तरुण परक्या देशातील गरीब शेतकऱ्याचा शिक्षक कसा झाला, याची ही कथा आहे.

दुष्काळाच्या छायेतले बालपण

खानखोजे यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८४ रोजी वर्धा येथे झाला. प्राथमिक शिक्षण वर्ध्यात आणि पुढील शिक्षण नागपुरात झाले. घरात आजोबांकडून १८५७च्या बंडाच्या कथा कानावर पडत होत्या आणि घराबाहेर मध्य प्रांत दुष्काळाने होरपळत होता. १८९६-९७ आणि पाठोपाठ १८९९-१९०० अशा दोन भीषण दुष्काळांनी या प्रांतातील गावेच्या गावे ओस पाडली. कपाशी परदेशी गिरण्यांकडे रवाना होत होती आणि ती पिकविणाऱ्याच्या घरी ज्वारीचा दाणा नव्हता. खानखोजे तेव्हा बारा ते सोळा वर्षांचे होते. शेतकऱ्याची उपासमार आणि परकीय सत्ता हे दोन प्रश्न त्यांच्या पिढीने एकत्रच पाहिले.

लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारावलेला हा तरुण विशीतच देशाबाहेर पडला. जपानमार्गे तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचला. युद्धशास्त्राचे शिक्षण हा मूळ हेतू होता आणि कॅलिफोर्नियातील माउंट तमालपाइस लष्करी अकादमीत त्याने ते घेतलेही. परंतु त्याच वेळी त्याने शेतकीचा अभ्यास हाती घेतला. ऑरेगन राज्यातील कोर्व्हालिस आणि वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथील कृषी महाविद्यालयांत त्याचे शिक्षण झाले. पुलमनच्या आसपासचा प्रदेश पावसावर घेतल्या जाणाऱ्या गव्हासाठी प्रसिद्ध आहे. वैदर्भीय विद्यार्थ्याला कोरडवाहू शेतीचे शास्त्र जेथे शिकावे असे वाटावे, अशीच ती जागा होती.

त्या काळी ऑरेगनच्या लाकूडगिरण्यांत आणि कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत शेकडो पंजाबी मजूर राबत होते. त्यांतले बहुतेक मूळचे छोटे शेतकरी. सारा आणि सावकार यांच्या कात्रीत सापडून त्यांनी देश सोडला होता. सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ आदींच्या पुढाकाराने १९१३मध्ये याच मजुरांतून गदर पक्ष उभा राहिला. खानखोजे या उभारणीत अग्रभागी होते. तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे हे चळवळीतील दुसरे मराठी नाव. पिंगळे यांना नोव्हेंबर १९१५मध्ये लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्यासह फाशी देण्यात आले.

खानखोजे वेगळ्या वाटेने गेले. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या मदतीने इराण आणि बलुचिस्तानच्या बाजूने इंग्रजांना शह देण्याची योजना होती. त्यासाठी ते कॉन्स्टँटिनोपलमार्गे इराणात उतरले. चकमकी, जखमा, कैद, पलायन आणि वेषांतर अशी ती वर्षे गेली. युद्ध संपले तेव्हा योजना फसली होती आणि मायदेशाचे दार बंद झाले होते. बर्लिन आणि १९२१मध्ये मॉस्को असा प्रवास झाला. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त यांच्यासारखे सहकारी सोबत होते. पण हाती काही लागत नव्हते. चाळिशीला आलेल्या या क्रांतिकारकाकडे आता ना देश होता, ना पैसा. शेतकीची विद्या तेवढी शिल्लक होती. ती घेऊन १९२४मध्ये खानखोजे मेक्सिकोत दाखल झाले.

हवेलीचे विद्यापीठ झाले

मेक्सिकोची निवड आकस्मिक नव्हती. कॅलिफोर्नियात असतानाच मेक्सिकन क्रांतीशी संबंधित मंडळींशी त्यांचा परिचय झाला होता. या देशात १९१० साली उसळलेल्या क्रांतीच्या मुळाशी जमिनीचा प्रश्न होता. आसिएंदा नावाच्या प्रचंड जहागिऱ्यांनी गावांची शेते, पाणी आणि रान गिळंकृत केले होते. बहुसंख्य ग्रामीण कुटुंबांकडे स्वतःची जमीन नव्हती. जहागीरदाराच्या दुकानातील उधारी बापाकडून मुलाकडे जात असे. एमिलियानो झपाटा या शेतकरी नेत्याने जमीन कसणाऱ्याच्या हक्कासाठी बंड उभारले आणि १९१९मध्ये तो दग्याने मारला गेला. मात्र १९१७च्या राज्यघटनेतील २७व्या कलमाने गावांना जमीन परत देण्याचा मार्ग खुला केला होता. यातून एहिदो ही व्यवस्था आकाराला आली. जमिनीची मालकी सरकारची, कसण्याचा हक्क गावाचा आणि त्यातल्या कुटुंबांचा. ही जमीन विकता किंवा गहाण टाकता येत नसे. १९९२मध्ये कायदा बदलेपर्यंत हे बंधन कायम होते.

मेक्सिको शहराच्या पूर्वेला तेश्कोकोजवळ चापिंगो नावाची अशीच एक जहागीर होती. एका माजी राष्ट्राध्यक्षाची ती मालमत्ता. क्रांतीनंतर सरकारने ती ताब्यात घेतली आणि तिथे राष्ट्रीय कृषी विद्यालय आणले. जमीनदाराच्या हवेलीत आता शेतकऱ्यांची मुले शिकू लागली. हवेलीतील जुन्या प्रार्थनामंदिराच्या भिंती रिव्हेराने १९२४ ते १९२७ या काळात रंगविल्या. मातीचे शोषण शिकवावे, माणसाचे नव्हे, असे या विद्यालयाचे ब्रीद. खानखोजे येथे वनस्पतिशास्त्र आणि पीकसुधारणा शिकवू लागले. रिव्हेराशी त्यांचा स्नेह जुळला तो याच आवारात.

सरकार जमीन वाटत होते, पण केवळ जमीन मिळाल्याने शेतकरी तरत नाही, हे लवकरच दिसू लागले. मेक्सिकोच्या मध्य पठाराची उंची समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून अधिक आहे. पाऊस उशिरा आला तर पेरणी लांबते आणि पेरणी लांबली तर कणीस भरण्यापूर्वीच हिम पडून पीक करपते. सुपीक, ओलिताखालच्या जमिनी पुष्कळदा मूळ मालकाकडेच राहिल्या होत्या. गावाच्या वाट्याला माळ आणि उतार आले. पिढ्यान् पिढ्या जहागीरदाराचा हुकूम पाळणाऱ्या गड्याला अचानक स्वतःच्या जमिनीवरचे निर्णय स्वतः घ्यावे लागत होते. बैलजोडी, नांगर, बियाणे, कर्ज यांपैकी काहीही त्याच्या हाती नव्हते.

खानखोजे यांनी आपले संशोधन या शेतकऱ्याच्या गरजेला जोडले. मेक्सिकोच्या गरिबाचे जेवण म्हणजे मक्याची तोर्तिया. आपल्याकडे ज्वारीच्या भाकरीला जे स्थान, तेच तिथे तिला. मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात घेण्याची पद्धत तिथे हजारो वर्षे चालत आली आहे. मक्याच्या ताटाचा आधार घेऊन घेवडा चढतो आणि जमिनीला नत्र देतो. भोपळ्याचा वेल जमीन झाकून ओल टिकवतो. कपाशीत तुरीची तासे टाकणाऱ्या मुलखातून आलेल्या माणसाला या शेतीतले शहाणपण समजावून सांगण्याची गरज नव्हती. दुष्काळाला आणि हिमाला तोंड देऊ शकतील अशा मक्याच्या जातींवर त्यांनी लक्ष केंद्रित केले. गहू आणि कडधान्यांवरही त्यांचे काम झाले. मक्याच्या नव्या जातींविषयीची त्यांची पुस्तिका १९३०च्या सुमारास चापिंगोतून प्रसिद्ध झाली.

तेओसिंते नावाचे एक रानटी गवत मेक्सिकोच्या शेतांच्या कडेला उगवते. दिसायला किरकोळ, पण काटक. या गवताचा आणि मक्याचा संकर करून एका ताटाला अधिक कणसे आणता येतील काय, याचे प्रयोग खानखोजे यांनी दीर्घकाळ केले. तेओसिंते आणि मका यांचे नाते नेमके काय, यावर तेव्हाच्या शास्त्रज्ञांत एकमत नव्हते. तेओसिंते हाच मक्याचा पूर्वज, हे पुढे आनुवंशिकी संशोधनाने मान्य केले. खानखोजे यांच्या संकराने शेतकऱ्यांची शेते व्यापली असे झाले नाही. मात्र सुधारित बियाणे दूरच्या कंपनीतून न येता शेताच्या बांधावरच्या वनस्पतीतून यावे, ही त्यांच्या प्रयोगाची दिशा लक्षात घेण्याजोगी आहे.

शाळा शेतकऱ्याच्या दारी

त्यांचे खरे वेगळेपण मात्र प्रयोगशाळेबाहेर दिसले. विद्यालयात येऊन शिकणे अल्पभूधारक शेतकऱ्याला परवडत नाही. तो शेत सोडून आला तर घरची चूल थंड पडते. म्हणून शाळेनेच गावात जावे, असा विचार पुढे आला. त्यातून १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुक्त कृषी शाळा सुरू झाल्या. या शाळांत शुल्क नव्हते. शेतकरी, त्याची बायको, मुले असे सारेच शिकणारे. माती, बियाणे, पेरणी, खत यांचे ज्ञान त्यांना त्यांच्याच शेतात मिळावे हा हेतू. यांतील एका शाळेला एमिलियानो झपाटाचे नाव देण्यात आले. ज्या शेतकऱ्याने जमिनीसाठी प्राण दिले, त्याच्या नावाने ती जमीन पिकविण्याचे शिक्षण.

या उपक्रमाला मेक्सिकोतील शेतकरी संघटनांचा आणि डाव्या विचारांच्या कलावंतांचा पाठिंबा मिळाला. रिव्हेरा त्यांत होताच. इटलीत जन्मलेली छायाचित्रकार तिना मोदोती हिने या शाळा आणि खानखोजे यांचे काम कॅमेऱ्यात टिपले. मक्याची कणसे हातात घेऊन शेतकऱ्यांना समजावून सांगणारे खानखोजे या छायाचित्रांमुळेच आज पाहायला मिळतात. गदर पक्षाच्या काळात मजुरांना बंदुकीकडे वळविणारा हा माणूस आता शेतकऱ्यांना बियाणे निवडायला शिकवीत होता. गरीब माणसाने दुसऱ्याच्या कृपेवर जगू नये, ही तळमळ मात्र तीच राहिली.

परंतु वारे फिरले. १९२९-३०च्या सुमारास मेक्सिकोच्या सरकारने डाव्यांविरुद्ध कठोर धोरण स्वीकारले. जमीनवाटपाचा वेग मंदावला. मोदोतीला १९३०मध्ये देशाबाहेर काढण्यात आले. अशा वातावरणात शेतकरी संघटनांच्या आधारावर चाललेल्या उपक्रमांचे बळ कमी होणे स्वाभाविक होते. सरकारच्या मर्जीवर उभे असलेले ग्रामविकासाचे काम मर्जी फिरली की कसे उघडे पडते, याचा हा धडा होता. खानखोजे यांनी मात्र आपले संशोधन आणि अध्यापन सोडले नाही.

दोन वर्धा

१९३४मध्ये लासारो कार्देनास राष्ट्राध्यक्ष झाले आणि जमीनवाटपाला पुन्हा गती आली. त्यांच्या सहा वर्षांच्या कारकिर्दीत सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन गावांना मिळाली. एहिदो शेतकऱ्यांच्या कर्जासाठी स्वतंत्र बँक उभी राहिली. जमीन, कर्ज, बियाणे आणि शिक्षण एकत्र आले तरच छोटी शेती टिकते, ही गोष्ट त्या काळात सरकारी धोरणात उतरू पाहत होती. याच काळात, १९३६मध्ये, खानखोजे यांचा जीन सिंदिक या बेल्जियन तरुणीशी विवाह झाला. सावित्री आणि माया या त्यांच्या दोन मुली.

इकडे वर्ध्यात त्याच सुमारास काय घडत होते? १९३४मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे मुख्यालय मगनवाडीत सुरू झाले. जे. सी. कुमारप्पा तेथे तेलघाणी, हातकागद आणि कंपोस्ट यांचे प्रयोग करीत होते. १९३६मध्ये महात्मा गांधी शेगावला राहायला गेले आणि पुढे त्याच गावाचे सेवाग्राम झाले. अवघ्या देशाच्या ग्रामविकासाची प्रयोगशाळा म्हणून वर्धा जगाच्या नकाशावर आले. वर्ध्याचा एक पुत्र हेच काम दुसऱ्या मार्गाने हजारो मैलांवर करीत होता. इंग्रज सरकारच्या लेखी तो गुन्हेगार होता, म्हणून त्याला या प्रयोगशाळेत यायला मज्जाव होता. या दोन वर्ध्यांची गाठ पडती, तर विदर्भाच्या शेतीला काय लाभले असते, हा प्रश्न आजही मनात येतो.

उशिरा उघडलेले दार

१९४७मध्ये देश स्वतंत्र झाला. खानखोजे यांनी परतण्याची धडपड केली, तेव्हा ब्रिटिशांच्या काळ्या यादीतील त्यांचे नावच आडवे आले. ज्या स्वातंत्र्यासाठी ते परागंदा झाले, त्या स्वतंत्र देशात पाऊल टाकण्यासाठी त्यांना खुलासे द्यावे लागले. अडथळे दूर झाले, पण ते कायमचे मायदेशी आले ते १९५०च्या दशकात. सत्तरी गाठलेल्या या कृषितज्ज्ञाने नागपुरात बिऱ्हाड केले. मेक्सिकोतील तीन दशकांचा अनुभव सोबत होता. कोरडवाहू पिके, छोट्या शेतकऱ्यांच्या शाळा, जमीनवाटपानंतरच्या अडचणी यांविषयी त्यांच्याइतका प्रत्यक्ष अनुभव असलेली माणसे तेव्हाच्या भारतात थोडीच होती. तरीही चापिंगोत जसे विद्यालय आणि प्रयोगक्षेत्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले, तसे पाठबळ नागपुरात उभे राहिले नाही.

मेक्सिकोतही दरम्यान बरेच बदलले होते. १९४३मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साह्याने तेथे नवा कृषी संशोधन कार्यक्रम सुरू झाला आणि पुढच्या वर्षी नॉर्मन बोरलॉग त्यात दाखल झाले. चापिंगोच्या परिसरात आणि वायव्येकडील सोनोरा राज्यात गव्हाच्या नव्या जाती घडू लागल्या. पाणी आणि खत भरपूर मिळाले की या जाती प्रचंड उत्पादन देत. १९५६पर्यंत मेक्सिको गव्हाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला. हे यश निर्विवाद आहे. पण ते प्रामुख्याने ओलिताखालच्या मोठ्या शेतांत मिळाले. पठारावर पावसाच्या भरवशावर मका पिकविणारा छोटा शेतकरी या प्रगतीत मागे राहिला. खानखोजे ज्याच्या दारी शाळा घेऊन गेले होते, तो नेमका हाच शेतकरी.

१९६६ साली भारतावर दुष्काळाचे सावट असताना सरकारने मेक्सिकोहून सुमारे १८ हजार टन गव्हाचे बियाणे मागविले. लर्मा रोहो आणि सोनोरा ६४ ही नावे पंजाबच्या शेतकऱ्यांच्या तोंडी रुळली आणि हरितक्रांतीची पायाभरणी झाली. त्या गव्हाच्या जाती खानखोजे यांनी घडविल्या नव्हत्या, ते श्रेय बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. परंतु मेक्सिकोचे बियाणे जहाजांतून भारतात येत होते, तेव्हा मेक्सिकोच्या शेतीत आयुष्य घालवलेला एक वृद्ध मराठी शास्त्रज्ञ नागपुरात आपले अखेरचे दिवस काढीत होता. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांची कन्या सावित्री साहनी यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे आणि वीणा गवाणकर यांच्या लेखनामुळे खानखोजे यांचे आयुष्य नव्या वाचकांसमोर आले. सप्टेंबर २०२२मध्ये चापिंगो विद्यापीठाच्या आवारात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण लोकसभेचे तत्कालीन अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते झाले. चापिंगोच्या नजीकच, एल बतान येथे, मका आणि गहू यांवर संशोधन करणारे आंतरराष्ट्रीय केंद्र आहे. कोरडवाहू भागात तग धरणाऱ्या मक्याच्या जाती आफ्रिकेतील छोट्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविणे हे त्याच्या कामांपैकी एक. खानखोजे यांनी ज्या प्रश्नाला हात घातला होता, तो संपलेला नाही.

वर्धा, यवतमाळ, अमरावतीच्या शेतकऱ्याला या प्रश्नाची ओळख करून देण्याची गरज नाही. पाऊस लांबला की दुबार पेरणी, बियाणे दरवर्षी विकतचे आणि सल्ला मिळतो तो बहुधा कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर. जमीन नावावर असली तरी ज्ञान, पत आणि बियाणे दुसऱ्याच्या हाती असेल तर शेतकरी स्वतंत्र होत नाही. मेक्सिकोतील जमीनवाटपानंतरच्या अनुभवाने हेच दाखवून दिले होते आणि मुक्त कृषी शाळा हे त्यावरचे खानखोजे यांचे उत्तर होते. मेक्सिकोच्या भिंतीवर ते आजही सर्वांसाठी रोटी मोडत बसले आहेत. ती रोटी ज्याच्या शेतात पिकते, त्याच्या दारी शाळा घेऊन जाण्याचे त्यांचे काम त्यांच्या स्वतःच्या मातीत मात्र अजून व्हायचे आहे.